बेलापूरची गादी

मांजराच्या मुताचा वास गादीतून जात नाही, असं लोक म्हणतात. जातो. पण तो काढायला कष्ट पडतात आणि धीर लागतो. बहुतेकांना धीर नसतो, म्हणून ते अत्तर ओततात. श्रीरामपुरातल्या एका व्यापाऱ्याच्या घरी गादीवर आख्खी बाटली गुलाबपाणी ओतलं होतं. मी गेले तेव्हा त्यांची सून नाकाला पदर लावून म्हणाली, "भाभी, आता कसं वाटतंय?" मी म्हटलं, "गुलाबाच्या ताटव्यात मांजर मुतल्यासारखं." ती हसली, तिची सासू हसली नाही. पुढच्या वेळी त्या घरातून निरोप आला तो माझ्या जावेला: "धाकट्या भाभींना पाठवा."

हे असं आयुष्यभर झालं. त्याबद्दलच लिहिणार आहे. या अंकाच्या संपादकांनी धंद्याबद्दल लिहा असं सांगितलं होतं, तर धंदाही त्यातच येईल.

आम्ही पिंजारी. माझे सासरे, ज्यांना आम्ही अब्बा म्हणायचो, त्यांचं श्रीरामपुरात गादीचं दुकान होतं. त्यांना दोन मुलगे. थोरल्याची बायको मी, हमीदा. धाकट्याची झुबेदा. पुरुष कापूस पिंजायचे, आधी धनुकलीवर आणि नंतर अब्बांनी आणलेल्या मशीनवर. खोळी शिवणं, कापूस भरणं आणि टाके घालणं हे आम्हा दोघींकडं. आणि एक काम असं होतं जे पुरुषांकडून होण्यासारखंच नव्हतं. लोकांच्या घरात जाऊन खराब झालेली गादी उसवणं. अंथरुणातल्या गोष्टी बायका परक्या पुरुषाला सांगत नाहीत. कुणाचं लेकरू मोठं झालं तरी ओलं करतं, कुणाचा म्हातारा अंथरुणाला खिळलाय, कुणाकडं कुत्र्यानं किंवा मांजरानं घाण केलीय, हे सगळं आमच्यापुढं उघडं व्हायचं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गादी धुतली की झालं. कापसाची गादी धुता येत नाही. पाणी आत गेलं की कापसाचे गोळे होतात आणि ते आतून कुजतात. डाग ताजा असेल तर कोरड्या फडक्यानं दाबून टिपायचं, घासायचं नाही. घासलं की ओल खाली उतरते. वर चाळलेली राख नाहीतर खायचा सोडा पसरायचा, ओल शोषली की झटकून कडक उन्हात टाकायचं. डाग जुना असेल तर मात्र उसवण्यावाचून इलाज नाही. खोळ काढून थंड पाण्यात सोडा घालून भिजत ठेवायची. गरम पाणी लावलं तर वास कापडात मुरून बसतो. आतला कापूस हातानं चाचपत जायचं. जिथं मूत मुरलंय तिथला कापूस बोटांना चिवट लागतो. तेवढा काढून फेकायचा, हळहळायचं नाही. उरलेला उन्हात पसरायचा, पुन्हा पिंजायचा, नवा मिसळून भरायचा. माणसाचा वास एवढ्यानं जातो. मांजराचा मात्र लबाड. कोरड्या हवेत गेल्यासारखा वाटतो आणि आभाळ भरून आलं की परत उठतो. म्हणून त्याच्या डागाभोवतीचा चांगला दिसणारा कापूससुद्धा मी काढून टाकायची.

हे सगळं मला झुबेदापेक्षा चांगलं यायचं. यात फुशारकी नाही, अब्बासुद्धा तसंच म्हणायचे. माझा टाका एका रेषेत जायचा. तिची ओळ गादीच्या मध्यावर पोहोचेपर्यंत वाकडी व्हायची. पण झुबेदा कुणाच्या घरात शिरली की आधी चुलीपाशी जाऊन बसायची. "काय शिजतंय?" म्हणून विचारायची. घटकाभरात तिला त्या घरातली दुखणी, भांडणं, माहेर-सासर सगळं ठाऊक झालेलं असायचं. तोवर मी ओसरीत एकटी गादी उसवत असायची. आणि निघताना घरची बाई तिच्या हातात कैऱ्या, वालाच्या शेंगा, एखादं लुगडं ठेवायची. मला म्हणायची, "तुमी बी घ्या की."

माझ्या नवऱ्याला मी एकदा म्हटलं होतं, "माझं काम चांगलं, आणि नाव तिचं." तो म्हणाला, "मग तूही बोलत जा." जसं काही ते कापूस पिंजण्याइतकं सोपं होतं.

मला कुणाकुणाचा हेवा वाटला, तर एका कुत्र्याचासुद्धा. राहुरीला लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार राहायचे. त्यांच्या कुत्र्याला स्वतःची गादी होती, सावरीच्या मऊ, महागड्या कापसाची. आमच्या घरात सावरीवर कुणी झोपलेलं नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांच्या गाद्या शिवून आम्ही चिंध्यांच्या गोधडीवर पडायचो. कुत्रं म्हातारं झालं होतं, गादी ओली करायचं. मी ती गादी उसवून, पिंजून, अशी करून दिली की नव्या नवरीला द्यावी. आठवड्यानं सुभेदारसाहेबांचा निरोप आला, कुत्रं गादीवर पाय ठेवत नाही. मी गेले, तर साहेब फार अवघडून म्हणाले, "बाई, काम उत्तम आहे. पण तुम्ही वास जरा जास्तच काढलात. थोडा परत आणता येईल का?" त्यांची स्वतःची जुनी बंडी मी त्या खोळीत घातली, तेव्हा कुठं ते जनावर गादीवर गेलं. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सगळे हसले. मीही हसले. पण त्या दिवशी गोधडी अंथरताना मला त्या कुत्र्याचा राग आला, हे खरं.

आता बेलापूरची गोष्ट. बहात्तरचा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षीची. तेव्हा पाटाचं पाणी होतं, ऊस होता आणि बागायतदारांच्या लग्नात रुखवतात गादी, उशा, रजई ठेवायची रीत जोरात होती. पुणतांब्याचे एक आप्पा होते, गोदावरीकाठी त्यांची शेती. त्यांनी लेकीच्या, सुमनच्या, लग्नासाठी गादी आमच्याकडं करायला टाकली. ती मी शिवली. निळ्या पट्ट्यांचं जाड कापड, लांब धाग्याचा कापूस आणि चारी कडांना दुहेरी टीप. तशी गादी मी आधीही केली नव्हती आणि नंतरही फारशी नाही.

लग्न होऊन सुमन बेलापूरला नांदायला गेली. तिचा नवरा मुरलीधर साखर कारखान्यात कामाला. घरात फक्त सासू, भागाबाई. मुरलीधर लहान असताना त्याचा बाप गेलेला, बाईनं एकटीनं त्याला वाढवलेलं.

उसाचा हंगाम ऐन भरात होता, तेव्हा भागाबाईचा माणूस दुकानात आला. गादी वास मारते, जुना कापूस घातलाय, कुणीतरी येऊन बघा, असं दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात तो सांगत होता. अब्बांचा चेहरा उतरला. असा बोभाटा झाला की रुखवताची कामं दुसरीकडं जातात. मी म्हटलं, "माझी गादी आहे, मीच जाते." टांगा करून गेले.

भागाबाईनं मला अंगणात उभं करून हळू आवाजात खरी गोष्ट सांगितली. कापसाचं नुसतं निमित्त होतं.

"सून गादीत मुतती," ती म्हणाली. "घोडी झाली तरी. मुरलीची रात्रपाळी असती, ही एकटीच निजती, आन् सकाळी खोलीत पाय ठेववत न्हाई. आमाला फसवलंय त्या पुनतांब्यावाल्यानं. निरोप धाडलाय मी त्याला, परवा यिऊन घिऊन जा म्हनून."

"मुरलीधर काय म्हणतात?"

"त्यो काय म्हननार? खाली मान घालून बसतोय."

सुमन आतल्या दारात उभी होती. सतरा-अठराची असेल. तिचे डोळे रडून रडून सुजले होते. माझ्याकडं तिनं एकदाच पाहिलं आणि ती आत गेली.

मी गादी उन्हात आणून उसवायला घेतली. पहिलीच टीप निघाली आणि मला कळलं. तो वास ओळखायला चुकणं शक्यच नाही. शिवाय ओल उशाच्या बाजूला, कडेला होती. तिथं माणसाचं डोकं येतं. कापसाला करडे केसही चिकटले होते. अंगणातल्या कणगीवर त्याच रंगाची एक मांजर बसून माझ्याकडं बघत होती.

"मावशी, हे माणसाचं नाही," मी म्हणाले. "मांजराचं आहे."

भागाबाईनं कमरेवर हात ठेवले. "आमची मनी असलं कधी करत न्हाई."

"हे बघा केस. वासही घ्या. आणि डाग बघा कुठं आहे."

"तू मला शिकवती व्हय? गादी तुमची, पैका दिला त्या पुनतांब्यावाल्यानं. तू त्याचीच बाजू घेनार."

मी कापूस घेऊन तिच्या नाकापाशी नेला. तसं करायला नको होतं, असं झुबेदा नंतर म्हणाली. भागाबाई मागं सरकली आणि कडाडली, "माज्या दारात माजंच नाक धरती? जा तुजी तू! ती दुसरी हाय ना तुमची, ती बोलकी, तिला धाडा."

कणगीवरची मांजर माझ्यावर फिस्कारली.

परतीच्या टांग्यात माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्या पोरीचं काय होणार हे मनात होतं, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर "ती दुसरी" हे दोन शब्द त्याहून मोठ्यानं वाजत होते. घरी अब्बांना सगळं सांगितलं. ते दाढी कुरवाळत म्हणाले, "झुबेदाला ने." मी म्हटलं, "मी सांगितलंय तेच ती सांगणार." ते म्हणाले, "सांगू दे की."

दुसऱ्या दिवशी एका कामात गुंतलो, तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो. म्हणजे नेमके आप्पा यायचे त्याच दिवशी. झुबेदानं दारातूनच हाक मारली, "आई, पाणी द्या बरं, टांग्यात बसून घसा वाळला." भागाबाईनं तिला आत बसवलं, मला नाही. मी ओसरीवर उसवलेली गादी पुढं घेऊन बसले. आतलं सगळं दिसत होतं. स्वयंपाकघरात सुमन भाकरी थापत होती, त्याचा थाप थाप आवाज येत होता.

झुबेदानं डागाचं नावच काढलं नाही. खाली बसून तिनं नुसता हात पुढं केला, तर ती मांजर येऊन तिच्या मांडीवर बसली. माझ्यावर फिस्कारलेली मांजर! मी इकडं दातानं दोरा तोडला.

"गुणाची आहे हो," झुबेदा म्हणाली. "कुणाची लाडकी?"

"मुरलीची. एवढंसं पिल्लू हुतं, त्यानंच आनलं. त्याच्या उशापाशी निजायची. एका अंगाला ही, खाली मी."

"आता?"

"आता दार लावत्यात."

"मग ही कुठं निजते?"

"भाईर. माज्यापाशी. निजती कशाची, दारापाशी बसून वरडती."

झुबेदा मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "तिला वाटत असेल, माझ्या जागेवर कोण येऊन झोपलं. सांगता येत नाही बिचारीला. जनावरच ते."

भागाबाईनं मांजरीकडं पाहिलं.

"माणसालाही कुठं सांगता येतं, आई," झुबेदा म्हणाली.

हे वाक्य मला सुचलं नसतं. शंभर गाद्या उसवल्या असत्या तरी सुचलं नसतं. ते ऐकलं तेव्हा मला भागाबाईचाही चेहरा दिसत होता. तिनं पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं.

"मी बघितली हुती तिला," ती एकदम म्हणाली. "दुपारच्याला. खिडकीतनं आत गेली, गादीवर बसली, आन् खिडकीतनंच भाईर आली."

"कधी?"

"पैल्याच खेपंला."

स्वयंपाकघरातला भाकरीचा आवाज थांबला.

झुबेदा तिला काही म्हणाली नाही. मी असते तर म्हणाले असते. तिनं नुसता आपला हात म्हातारीच्या हातावर ठेवला. तेवढ्यात बाहेर बैलगाडी थांबली. आप्पा आणि सुमनचे चुलते आत आले. आप्पांनी चपला काढल्या नाहीत. अंगणातच उभे राहून ते म्हणाले, "पोरीला बोलवा. कापडं घ्यायला सांगा."

आता ही बाई काय करणार, ते मला कळेना. गप्प राहिली असती तरी तिचं निभावलं असतं. मांजरीवर आत्ताच संशय आलाय, असं म्हणाली असती तरी कुणी दोष दिला नसता. झुबेदानं तिला यातलं काहीच सुचवलं नव्हतं. भागाबाई उठली, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि दारात आली.

"पाव्हनं, पोरीचं काई न्हाई," ती म्हणाली. "मांजराचं हुतं. आन् मला म्हाईत हुतं."

सुमनचे चुलते तोंड उघडणार तोच आप्पांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मुरलीधर रात्रपाळी करून आलेला, मागच्या खोलीतून डोळे चोळत बाहेर आला होता. तो आईकडं बघत राहिला. आप्पांनी राग गिळला आणि आतल्या बाजूला तोंड करून विचारलं, "सुमे, चलायचं का ऱ्हायचं? तू म्हनशील तसं."

सुमन बाहेर आली. तिचे हात पिठानं भरलेले होते. ती आधी नवऱ्याकडं बघून म्हणाली, "तुमी आईकडं काय बघताय? माज्याकडं बघा की. येक डाव बी इचारलं न्हाई तुमी मला." मुरलीधर काळाठिक्कर पडला. मग ती बापाला म्हणाली, "आप्पा, चपला काढा. भाकरी तव्यावर हाय, जेवून घ्या."

त्यातच सगळं आलं. आप्पा चपला काढून ओट्यावर टेकले आणि उपरण्यानं तोंड पुसू लागले. भागाबाई चुलीपाशी जाऊन बसली आणि सुनेच्या हातची पिठाची काटवट तिनं आपल्याकडं ओढली. सुमननं ती ओढू दिली. तव्यावरची भाकरी उतरवून मग म्हणाली, "आत्या, दिवसा खोलीचं दार उघडं ठिवू. तिला येऊ द्या, तुमी बी येत जा."

जेवणं झाल्यावर ती आमच्याकडं आली. मी तोवर सगळा खराब कापूस काढून वेगळा केला होता, खोळ भिजत घातली होती आणि नवा कापूस किती लागेल ते बघत होते. ती माझ्या पुढून गेली आणि झुबेदापाशी थांबली.

"धाकट्या भाभी, मनीसाठी एक छोटी गादी करून द्याल?"

"देते की," झुबेदा म्हणाली.

ती गादी मी शिवली. झुबेदानं शिवली असती तर मांजरसुद्धा घसरून पडली असती. चार टाके घातले, कडेला टीप मारली आणि दोन्ही गाद्या बरोबरच पोहोचत्या केल्या. मांजर आपल्या गादीवर झोपू लागली, असं नंतर कळलं. मोठ्या गादीवर पुन्हा डाग पडला नाही. पुढं पडले, पण ते सुमनच्या लेकरांचे, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

त्या दिवशी टांग्यात झुबेदा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. बोलून दमली होती. मी घरापर्यंत खांदा हलवला नाही आणि सगळ्या वाटेत तिच्यावर धुमसत राहिले. दोन्ही एकाच वेळी करता येतं.

बेलापूर, उक्कलगाव, पढेगाव, त्या सगळ्या पट्ट्यात झुबेदाचं नाव झालं. माणसाचं की जनावराचं, नुसतं बघून सांगते, अशी कीर्ती पसरली. बायका तिला शोधत यायच्या. वास तर मी ओळखला होता. मी पहिल्या दिवशी तोंडावर सांगितलं होतं. दुकानात कुणी ते कौतुक करू लागलं की मी उठून मशीनपाशी जायची, तिथल्या आवाजात काही ऐकू येत नाही. एवढी वर्षं मनात एकच होतं. झुबेदानं एकदा, फक्त एकदा, लोकांसमोर म्हणावं, "मी नाही, हे भाभीनं ओळखलं होतं."

दोन वर्षांपूर्वी सुमन आमच्या घरी आली. केस पांढरे झालेले, अंगानं भरलेली, नातवाच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन. भागाबाई जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटी अंथरुणाला खिळली, तेव्हा हिनंच तिचं सगळं केलं. आल्या आल्या ती झुबेदाच्या गळ्यात पडली. माझ्याकडं बघून म्हणाली, "ह्या थोरल्या ना?"

चहा झाला. सुमन आपल्या सुनेला कौतुकानं सांगू लागली, "ह्यांच्यामुळं माजा संसार ऱ्हायला बघ. आल्या, कापूस हातात धरला आन् म्हनाल्या, हे मांजराचं हाय."

झुबेदानं कप खाली ठेवला. माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "नाही गं. ते मी नाही म्हणाले. ते भाभी म्हणाली. मी यायच्या आधीच. मी नुसती तुझ्या सासूजवळ बसले होते."

कप गोळा करायला उठलेली मी परत खाली बसले.

सुमननं झुबेदाचे दोन्ही हात हातात घेतले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता बी बघा!" ती म्हणाली. "केलेलं बी दुसऱ्याच्या पदरात टाकत्यात. असं मन कुनाचं असतंय?" आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "थोरल्या भाभी, नशीब लागतं बरं का, अशी जाऊ मिळायला."

मी म्हटलं, "व्हय. नशीबच."